लाल प्रकाशाचे ऋण उत्तर

सोडियमच्या पृष्ठभागावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश पडतो. सोडियमचे वर्क फंक्शन २.२८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा किती? आधुनिक भौतिकशास्त्राची सुरुवात अनेक विद्यार्थ्यांसाठी अशाच एखाद्या गणिताने होते.

वर्क फंक्शन म्हणजे धातूतून सुटण्यासाठी इलेक्ट्रॉनला लागणारी किमान ऊर्जा. प्रकाश फोटॉनच्या रूपात सुटा सुटा येतो आणि एक इलेक्ट्रॉन एकच फोटॉन गिळतो, ही आइन्स्टाइनची १९०५ सालची कल्पना. फोटॉनच्या ऊर्जेतून वर्क फंक्शन वजा जाता उरते ती गतिज ऊर्जा.

मीटर आणि ज्यूल वापरले की दहाच्या ऋण घातांची गर्दी होते आणि चुका तिथेच होतात. त्यापेक्षा १२४० हा आकडा पाठ असावा. त्याला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. इथे ३.१०. त्यातून २.२८ गेले, उरले ०.८२. सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन अडवायला ०.८२ व्होल्टचा विरुद्ध विभव पुरतो. त्यासाठी वेगळे गणित करावे लागत नाही.

आता ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश घेऊ. फोटॉनची ऊर्जा १.९१, आणि वजाबाकी येते उणे ०.३७. पुष्कळ वह्यांत हेच उत्तर चौकटीत दिसते. गतिज ऊर्जा ऋण असूच शकत नाही. या उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन सुटलाच नाही. सोडियममधून इलेक्ट्रॉन सुटण्याची सीमा साधारण ५४४ नॅनोमीटरवर आहे. म्हणून सूत्रात आकडे घालण्याआधी फोटॉनची ऊर्जा आणि वर्क फंक्शन यांची तुलना करावी.

प्रकाशाची तीव्रता दुप्पट केली तर? जांभळ्या प्रकाशात इलेक्ट्रॉन दुप्पट सुटतात, पण त्यांची कमाल ऊर्जा ०.८२ च राहते. लाल प्रकाशात तेव्हाही काही सुटत नाही. मनात तरंगाचे चित्र पक्के बसलेले असल्याने हे पटायला वेळ लागतो, कारण त्या चित्रात लाल प्रकाशाची ऊर्जाही हळूहळू साठून इलेक्ट्रॉन सुटायला हवा.

भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनलाही आइन्स्टाइनची ही फोटॉनची कल्पना पटत नव्हती. निर्वात नळीतच पात्याने सोडियम खरवडून, ताज्या पृष्ठभागावर त्याने वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आलेखात वारंवारतेबरोबर अडवणारा विभव सरळ रेषेत वाढत होता, आणि त्या रेषेच्या चढावरून फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा प्लांकचा स्थिरांक निघाला. धातू बदलला की रेषा सरकते. चढ तोच राहतो.