जठराची भूक आणि मनाची भूक

१८३४ साली ‘ॲटलास’ जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. पुढे कित्येक पिढ्यांनी मोजून मिळणाऱ्या तांदूळ-डाळीवर उसाच्या मळ्यांत दिवस काढले. ज्या घरांनी शिधा मोजून घेतला, त्या घरांत पाहुण्यास न मोजता वाढणे ही प्रतिष्ठा ठरली, यात नवल ते काय? त्यांपैकी काहींचे वंशज आज विनिपेगच्या हिमात स्थिरावले आहेत. पंगतीतील आग्रह मात्र तसाच आहे.

या पंगतीस आता कधी कधी स्थूलतेवरील शस्त्रक्रिया झालेली व्यक्तीही बसते. विनिपेगच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात. १९६६ साली आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा देण्याची पद्धत आरंभिली. तिच्या आजच्या रूपात अन्नासाठी जठराचा जेमतेम अंड्याएवढा कप्पा उरतो. वजन उतरते, मधुमेह पुष्कळदा आटोक्यात येतो, घरची मंडळी संतोष पावतात.

परंतु शस्त्र जठरावर चालते. मन जसेच्या तसे राहते. दुःख वा एकटेपणा दाटला म्हणजे ताबा सुटून खात राहणे हा एक विकार होय. १९५९ साली डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी त्याचे वर्णन केले, आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. शस्त्रक्रियेनंतर काही काळ तो बहुधा दबतो. पुढे काहींच्या बाबतीत तो रूप पालटून परततो. एका बैठकीस फार खाता येत नाही, म्हणून दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकणे चालू राहते. काहींना मद्याची ओढ लागते. वजन पुन्हा चढू लागले की लाज वाटते, लाजेपोटी तपासणी टळते, आणि रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता खाणे सुरू होते.

अशा वेळी उपदेशाचा उपयोग होत नाही. विचारांस व सवयींस वळण लावणारी मानसोपचारपद्धती या विकारावर गुणकारी ठरली आहे. तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस मनातील गोष्ट सांगणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

घरच्यांचे कर्तव्यही लहान नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग दुर्लभ सांगितला आहे. पंगतीत ‘आणखी एक लाडू’ हा आग्रह नको आणि ‘एवढेच?’ हा प्रश्नही नको. पूर्वजांचा घास मळ्याचा मालक मोजीत असे. वंशजांच्या पानातील घास मोजण्याचा अधिकार ज्याचे पान त्याचाच असावा.