ट्रोपोनिन वाढलंय, म्हणजे अटॅकच का?

समजा, पंच्याहत्तरीपुढच्या आजोबांना धाप लागली. मधुमेह जुना, मूत्रपिंडंही थकलेली. रुग्णालयात रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये ट्रोपोनिन-टी २८, मर्यादा १४. घरच्यांनी ठरवून टाकलं, अटॅक आला. आला असेलही. पण एकट्या २८वरून ते कळत नाही.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. अतिसंवेदनशील चाचणीतली १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा निरोगी माणसांवरून ठरलेली आहे. त्यांतल्या ९९ टक्के लोकांचा आकडा तिच्या आत असतो. मूत्रपिंडविकार, जुना रक्तदाब किंवा हृदय कमजोर असलेल्या वृद्धांत तो एरवीही या मर्यादेच्या वर राहू शकतो. जंतुसंसर्गानं किंवा अनियमित, वेगवान ठोक्यांनीही तो चढतो.

म्हणून एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. २८चे २९ झाले तर इजा बहुधा जुनी. ९० झाले तर ताजी. ताजी इजा म्हणजेही लगेच अटॅक नव्हे. हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा ईसीजीत, लक्षणांत किंवा इकोसारख्या तपासणीत दिसावा लागतो. २०१८च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनं हा फरक स्पष्ट केला आहे.

याची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. 'वय झालं, आकडा वाढणारच' म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे. वृद्धांत, विशेषतः मधुमेहींत, छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसती धाप, घाम किंवा अचानक आलेला गोंधळलेपणा एवढंच दिसतं. शिवाय कायम वाढलेला स्थिर आकडाही पुढच्या धोक्याची खूणच असते.

धाप हृदय कमजोर झाल्यामुळे आहे का, हे पाहायला रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी तपासतात. तिथं वयाचा हिशेब आधीच धरलेला आहे: तातडीच्या वेळी पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरवर संशय बळावतो. लठ्ठपणात मात्र आकडा फसवा कमी येतो, मूत्रपिंडविकारात जास्त.

नवा आकडा जुन्याशी ताडता यावा म्हणून घरातल्या ज्येष्ठांचे जुने रिपोर्ट, ईसीजी आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) आकडे एका फाईलमध्ये ठेवा, आणि रुग्णालयात जाताना ती सोबत न्या. मात्र ट्रोपोनिन-टी आणि ट्रोपोनिन-आय या दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. आणि छातीत दुखत असेल किंवा धाप वाढत असेल, तर फाईल शोधत बसू नका. आधी रुग्णालय गाठा.