कराची–मुंबई : पावणेनऊशे किलोमीटरांचा बदलता काळ

पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन स्थळांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा, म्हणजेच बृहद्वृत्ताचा कंस, प्रमाण मानल्यास कराची आणि मुंबई या विमानतळांमधील अंतर सुमारे 875 किलोमीटर भरते. हे अंतर गेल्या शतकात बदललेले नाही. प्रवासाचा काळ मात्र वारंवार बदलला, आणि त्याला विमानांच्या वेगाइतकेच राज्यकर्त्यांचे निर्णयही कारणीभूत ठरले.

1 एप्रिल 1936 रोजी सिंध हा स्वतंत्र प्रांत होईपर्यंत कराची मुंबई इलाख्यातच मोडत असे, त्यामुळे पुणे जिल्ह्यातील मुळशी आणि सिंधमधील ते बंदर एकाच प्रांतिक सरकारच्या अमलाखाली होते. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे, ही त्या काळातील ये-जा किती स्वाभाविक होती याची साक्ष म्हणता येईल. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्या टाटा समूहाच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि ज्याने पुढे त्याच खोऱ्याचे पाणी कोकणात उतरवून भिरा येथे वीज निर्माण केली, त्याच समूहाने 1932 मध्ये हवाई टपालसेवा सुरू केली.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिन असलेल्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून उड्डाण केले; अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी जुहूला उतरले, आणि साऱ्या प्रवासास सुमारे सात तास लागले. जेट विमानास या अंतरासाठी दीड तासाच्या आसपास वेळ पुरतो. वेळापत्रकातील काळ प्रत्यक्ष उड्डाणाहून थोडा अधिक असतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा थांबेपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरला जातो.

1944 च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले, आणि फाळणीनंतर या तत्त्वाचा अर्थ उपखंडाला तीव्रतेने जाणवला. जानेवारी 1971 मध्ये ‘गंगा’ या भारतीय प्रवासी विमानाचे अपहरण होऊन ते लाहोरला जाळले गेल्यानंतर भारताने आपल्या हद्दीवरून जाणारी पाकिस्तानी विमाने रोखली, तेव्हा कराचीहून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील ढाक्याला जाण्यासाठी श्रीलंकेस वळसा घालावा लागला आणि मार्ग जवळजवळ दुप्पट लांबला. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या भारतीय विमानांना त्यामुळे दक्षिणेकडून वळून जावे लागले, इंधन अधिक लागले आणि काही लांबच्या फेऱ्यांना मध्येच थांबा घ्यावा लागला.

अशी हद्द बंद असताना मुंबईहून दुबईमार्गे कराची गाठायची झाल्यास 1,930 आणि 1,190, असे मिळून सुमारे 3,120 किलोमीटर होतात, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पटींहून अधिक. हवेतील वेळ पाच तासांच्या घरात जातो, त्यात दुबईतील प्रतीक्षा मिळवावी लागते. आणि मुळशी तालुक्यातील हिंजवडीहून निघणाऱ्या प्रवाशाला त्याआधी घाट उतरून मुंबई गाठायची असते. एवढा सगळा हिशेब मांडला, तर 1932 च्या त्या छोट्या विमानाचे सात तासही कमीच ठरतात.