ऑफिसमधलं सक्तीचं ट्रेनिंग नेमकं किती असावं?

मार्च जवळ आला की अनेक ऑफिसांत एक ठरलेला मेल येतो. ‘आपली अनिवार्य प्रशिक्षणं अद्याप बाकी आहेत.’ मग लोक काय करतात? एका टॅबमध्ये व्हिडिओ म्यूट करून लावतात, दुसऱ्या टॅबमध्ये आपलं काम करतात, मधेमधे ‘नेक्स्ट’ दाबतात आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरं शेजारच्याला विचारतात. सर्टिफिकेट मिळतं, एचआरच्या यादीत नावापुढे खूण होते आणि विषय संपतो.

दुसरीकडे, एखाद्याला खरंच डेटा ॲनालिसिस किंवा नवी भाषा शिकायची असते. त्याला उत्तर मिळतं, ‘जरूर शिका, पण ऑफिस सुटल्यावर.’

म्हणजे ज्यात कुणाचं लक्ष नाही त्याला ऑफिसची वेळ आणि ज्यात आहे त्याला रविवार! मग सक्ती कशाची करायची आणि मुभा कशाला द्यायची, हे ठरवायचं कसं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काही ट्रेनिंग ठेवायचं की नाही, हे कंपनीच्या हातात नसतंच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरोधात २०१३ साली कायदा झाला, त्याला सगळे ‘पॉश’ कायदा म्हणतात. या कायद्याच्या कलम १९ नुसार कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. याच कायद्यात तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी, असं म्हटलंय. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आता ज्या मुलीने तो व्हिडिओ म्यूट करून पाहिला, तिला ही मुदत कळणार कशी? गरज पडेल तेव्हा कदाचित ती उलटून गेलेली असेल.

कारखान्यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात बरेच बदल झाले. तेव्हा आलेल्या कलम १११-अ मध्ये म्हटलं होतं की आरोग्य आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क आहे. आपण ज्याला ‘सक्तीचं ट्रेनिंग’ म्हणून नाक मुरडतो, ते कायद्याच्या भाषेत हक्क म्हणून आलं होतं.

म्हणजे एक साधी कसोटी मिळते. एखादी गोष्ट माहीत नसल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला, पैशाला किंवा प्रतिष्ठेला धक्का लागणार असेल, तर ती शिकणं सक्तीचंच हवं. आग लागल्यावर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हा काही आवडीनिवडीचा विषय नाही.

मग सगळंच सक्तीचं का करू नये?

महाराष्ट्रात याचा अनुभव हजारो सरकारी कर्मचाऱ्यांनी घेतलाय. एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ साली सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरीत संगणक अर्हता म्हणून तो घराघरांत पोहोचला. मुदतीत अर्हता मिळवली नाही म्हणून वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुलीही निघाली. सक्ती नसती तर कित्येकांनी माऊसला हात लावला नसता, हे खरंच. पण पगार सर्टिफिकेटला बांधला गेला की माणूस सर्टिफिकेटच्या मागे लागतो. शिकणं झालं तर झालं.

सक्ती कधीकधी उलटतेसुद्धा. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ८०० हून अधिक कंपन्यांचा अभ्यास केला. कामाच्या ठिकाणी भेदभाव होऊ नये म्हणून तिथे मॅनेजर लोकांना ट्रेनिंग दिलं जातं. ते जिथे सक्तीचं होतं, तिथे पाच वर्षांनी कृष्णवर्णीय महिला मॅनेजरांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. जिथे ते ऐच्छिक होतं, तिथे बऱ्याच गटांचं प्रमाण वाढलं होतं. अर्थात यात एक मेख आहे. ऐच्छिक वर्गाला आपणहून येणारा माणूस बहुतेक वेळा आधीच समजूतदार असतो, ज्याला खरी गरज आहे तो येतच नाही. त्यामुळे ‘सगळं ऐच्छिक करा’ हेही उत्तर नाही.

या सगळ्यात एक जुना प्रयोग फार कामाचा आहे. १९९१ साली टिमोथी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षणार्थींचे तीन गट केले. पहिल्या गटाला कुठलं ट्रेनिंग हवं ते विचारलं आणि तेच दिलं. दुसऱ्याला काही विचारलंच नाही. तिसऱ्याला विचारलं, पण दिलं भलतंच. सगळ्यात उत्साही कोण होते? अर्थात पहिले. आणि सगळ्यात नाराज? ज्यांना विचारलं नाही ते नव्हे, तर विचारून डावलले गेलेले!

दरवर्षी ‘तुम्हाला काय शिकायला आवडेल?’ असा गूगल फॉर्म पाठवून तो विसरणाऱ्या कंपन्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. द्यायचं नसेल तर न विचारलेलं बरं.

मधला मार्ग काढायचे प्रयत्नही झालेत. केंद्र सरकारने २०२० साली ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं. त्याच्या ‘आयगॉट’ या ऑनलाइन व्यासपीठावर भरपूर कोर्स आहेत. २०२४ च्या ‘राष्ट्रीय शिक्षण सप्ताहा’त प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी किमान चार तास शिकण्याचं लक्ष्य होतं. तास ठरलेले, विषय मात्र आपल्या कामाला जुळणारा, अशी ही रचना. खाजगी कंपन्यांनाही हे जमू शकतं. फक्त ते तास कामाच्या वेळेतून द्यायला हवेत आणि त्या दिवशी टार्गेट तेवढंच कमी धरायला हवं. नाहीतर ती मुभा कागदावरच राहते.

आणि ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही त्यांचं काय? पॉश कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ असे सगळे येतात. पण हाऊसकीपिंगच्या मावशींना किंवा गेटवरच्या वॉचमनला कंपनीचा ईमेल आयडी सहसा नसतो, त्यामुळे मार्चचा तो मेल त्यांच्यापर्यंत जातच नाही. त्यांच्यासाठी शिफ्ट बदलताना, त्यांना समजेल अशा भाषेत, समोरासमोर बसून तास घ्यावा लागतो. आणि त्या तासाचा पगारही धरावा लागतो.