मधपेटी आणि आठ मिलिमीटरची वाट

मधपेटी म्हणजे फळ्या ठोकून केलेले एक खोके, अशा समजुतीने जो शिक्षक कामास लागतो त्याचे लाकूड आणि माशा दोन्ही वाया जातात. प्रस्तुत लेखकाचा अनुभव हाच आहे. एका शाळेत मुलांकडून करविलेल्या पहिल्या पेटीत चौकट व भिंत यांमध्ये बोटभर जागा राहिली होती. दोन महिन्यांनी चौकट उचलू गेलो, तो माशांनी ती रिकामी जागा पोळ्याने भरून टाकलेली; पोळे फाटले, मध व पिलावा तळाशी सांडला आणि चार दिवसांत वसाहत निघून गेली. सातेरी माशी अशी चटकन रुसते.

चूक होती ती अंतराची. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने 1851 साली ताडले की, माशी जाण्यायेण्यापुरती ठराविक वाट मोकळी ठेवते. वाट त्याहून रुंद असली तर तेथे पोळे बांधते. त्यामुळेच चौकटी सुट्या ठेवून बाहेर काढता येऊ लागल्या. मात्र त्याची मापे युरोपीय माशीसाठी होती. तेथे वाट साडेनऊ मिलिमीटरची. आपली सातेरी लहान, तिला सुमारे 8 मिलिमीटर पुरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात तिच्यासाठी लहान पेटी योजिली, ती याच कारणाने. परदेशी पुस्तकातील आराखडा पाहून पेटी करू नये.

प्रथम चौकट ठरवावी, पेटी मागाहून. चौकटीची आतील जागा 210 × 145 मिलिमीटर धरावी. बाजूच्या पट्ट्या 10 मिलिमीटर जाडीच्या असल्यास बाहेरची लांबी 230 होते. दोन्ही टोकांस 8-8 मिळविले की पेटीची आतील लांबी 246. वरची पट्टी 22 रुंद व दोन पट्ट्यांत 9 अंतर, म्हणजे एका चौकटीस 31. आठ चौकटींस 248, आणि कडेची वाट पुरी व्हावी म्हणून आणखी 8, रुंदी 256. हे गणित फळ्यावर न मांडता मुलांना पट्टी हाती देऊन करावयास लावावे. एक मिलिमीटर म्हणजे किती, हे त्यांना येथे प्रथमच खरे कळते.

हत्यारे घरचीच पुरेत: करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडा आणि गुण्या. यांत गुण्यास सर्वांत अधिक मान द्यावा; कोपरा काटकोनात नसेल तर मापे बरोबर असूनही चौकट एका टोकाशी अडते. लाकूड पुरते वाळलेले हवे. ओले लाकूड उन्हाळ्यात आक्रसते, आणि मालेगाव-येवल्याकडील उन्हात आठाचे सहा होण्यास वेळ लागत नाही. रंग केवळ बाहेरून द्यावा. आत रंग किंवा वाळवीचे औषध मुळीच नको. प्रवेशाची फट 10 मिलिमीटर उंच पुरे. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे पालक विचारतील. त्यांना कांद्याच्या बियाण्याचे शेत दाखवावे. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणी तरी लागतेच, आणि ते काम मुख्यत्वे माशा करतात. ऐन गोंडे फुलले असता सकाळी कीटकनाशक फवारणारा शेतकरी आपल्याच बियाण्यावर घाव घालतो. याउलट द्राक्षास माशांची तितकी गरज नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

पेटी मुलांनी करावी. वसाहत भरण्याचे काम मात्र जाणकाराचेच. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत याचे शिक्षण मिळते. भरलेली पेटी वर्गापासून व पाणवठ्यापासून दूर, सावलीत ठेवावी. दंशानंतर कोणा मुलास धाप लागली किंवा अंगावर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय करीत न बसता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.