शब्दांची योग्य जागा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्या दहावीच्या वर्गातील एका मुलाचे दप्तर हरवले. शालान्त परीक्षा महिन्यावर आली होती आणि वर्षभराच्या सर्व वह्या त्याच दप्तरात होत्या. दप्तराचा एक कोपरा फाटलेला होता, हीच त्याची खूण. त्या दिवसांत मी मुलांकडून इंग्रजी सूचना लिहून घेत असे. म्हणून त्याने स्वतःच सूचना लिहिली आणि फलकावर लावली : ‘लॉस्ट ए बॅग बाय ए बॉय विथ ए टॉर्न कॉर्नर.’

मुले ती वाचून हसू लागली. कारण तिचा अर्थ असा होत होता, की ‘फाटक्या कोपऱ्याच्या मुलाने दप्तर हरवले!’ त्या मुलाने मान खाली घालून सूचना काढून टाकली. दप्तर कोणी शोधलेच नाही.

चूक कोठे झाली? शब्द तर सगळे बरोबर होते. चुकली ती त्यांची जागा.

नामाबद्दल अधिक माहिती सांगणाऱ्या शब्दाला आपण विशेषण म्हणतो. उर्दूत त्याला सिफ़त म्हणतात व ज्याची सिफ़त सांगितली त्याला मौसूफ़ म्हणतात. कधी कधी एक शब्द पुरत नाही. मग दोनचार शब्द मिळून विशेषणाचे काम करतात. अशा शब्दांच्या गटाला इंग्रजी व्याकरणात ‘ॲडजेक्टिव्ह फ्रेज’ म्हणतात. ‘ए ब्रेव्ह मॅन’ यात ‘ब्रेव्ह’ हे एकटे विशेषण आहे. ‘ए मॅन ऑफ ग्रेट करेज’ यात ‘ऑफ ग्रेट करेज’ हा शब्दसमूह तेच काम करतो.

आता दोघांची जागा पाहा. ‘ब्रेव्ह’ नामाच्या आधी आला, तर ‘ऑफ ग्रेट करेज’ नामाच्या नंतर. मराठीत मात्र दोन्ही आधीच येतात : ‘शूर माणूस’, ‘मोठ्या धैर्याचा माणूस’. म्हणूनच आपली गफलत होते.

पण तुम्हांला ही रचना अगदीच नवी नाही. ‘वतन-ए-अज़ीज़’, ‘वज़ीर-ए-आज़म’ हे शब्द तुम्ही रोज ऐकता. यात मौसूफ़ आधी आणि सिफ़त नंतर आहे. फारसीतून उर्दूत आलेली ही रीत लक्षात ठेवली, की इंग्रजीतील हा क्रम परका वाटणार नाही. एक नियम मात्र विसरू नका : असा शब्दसमूह ज्या नामाचा असेल, त्या नामाला लागूनच तो ठेवावा. मध्ये दुसरे नाम आले, की अर्थ त्याच्याकडे जातो.

आणखी एक अडचण आहे. तेच शब्द कधी विशेषणाचे, तर कधी क्रियाविशेषणाचे काम करतात. ही दोन वाक्ये पाहा :

‘द बॉइज अंडर द ट्री आर सिंगिंग.’
‘द बॉइज सॅट अंडर द ट्री.’

दोन्हींत ‘अंडर द ट्री’ आहे. मग फरक कसा ओळखावा? येथे मराठी तुमच्या मदतीला येते. पहिल्याचे मराठी ‘झाडाखालची मुले गात आहेत’ असे होते, दुसऱ्याचे ‘मुले झाडाखाली बसली’. पहिल्यात ‘ची’ लागला, दुसऱ्यात नाही. मराठी करताना शेवटी ‘चा, ची, चे’ आले आणि पुढे नाम आले, तर तो शब्दसमूह विशेषणाचा समजावा. उर्दूत अशा जागी पुष्कळदा ‘वाला, वाली, वाले’ बसतो : ‘पेड़ के नीचे वाले लड़के’.

क्रियापदापासून बनलेले शब्दसमूहही असेच ओळखता येतात. ‘ए लेटर रिटन बाय माय फादर’ म्हणजे वडिलांनी लिहिलेले पत्र. ‘द गर्ल सिंगिंग ऑन द स्टेज’ म्हणजे रंगमंचावर गाणारी मुलगी. येथे ‘लेला’ आणि ‘णारा’ यांची रूपे आली आहेत.

आता त्या सूचनेकडे परत जाऊ. ‘फाटक्या कोपऱ्याचे’ काय? दप्तर! म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून लिहिले : ‘ए बॅग विथ ए टॉर्न कॉर्नर हॅज बीन लॉस्ट.’ ती वाचून आठवीच्या एका मुलाला खूण पटली. पाण्याच्या टाकीमागे पडलेले दप्तर त्याने आणून दिले. सर्व वह्या जागच्या जागी होत्या.

मित्रांनो, चुकीला हसणे सोपे असते. ती कोठे झाली हे दाखवणे अधिक उपयोगाचे. तुमच्या सोबत्याची चूक दिसली, तर आधी त्याच्या शेजारी बसा.

स्वाध्याय
१. कोणत्या वाक्यात ‘निअर द मॉस्क’ विशेषणाचे काम करतो? मराठी करून ठरवा : (अ) ‘द शॉप निअर द मॉस्क इज क्लोज्ड.’ (आ) ‘वी मेट निअर द मॉस्क.’
२. घंटी सायकलीची आहे. शब्दांची जागा सुधारा : ‘ही सोल्ड ए सायकल टू ए मॅन विथ ए न्यू बेल.’
३. मौसूफ़ आधी व सिफ़त नंतर येणारे पाच उर्दू शब्द लिहा आणि त्यांचे मराठी करा.