रोज सकाळी 'एफ-१ दाबा' कशासाठी?

एका शाळेला भेट मिळालेला जुना संगणक आम्ही पाहत होतो. पडद्याच्या कडेला मुलांनी चिठ्ठी चिकटवली होती : 'आधी एफ-१ दाबा'. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' अशी अक्षरे उमटत आणि एफ-१ ही कळ दाबल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. पुढे शाळेत इंटरनेट आले, पण या संगणकावर बरीचशी पाने उघडेनात. दोष जोडणीला दिला गेला. खरे कारण तो संदेश रोज सांगत होता. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारला नव्हता.

बटण दाबल्यावर संगणक लगेच कामाला लागत नाही. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये बायॉस नावाचा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो. तो आधी हजेरी घेतो : मेमरी आहे का, कीबोर्ड जोडला आहे का, डिस्क सापडते का. कोण कोण हजर असायला हवे, याच्या नोंदी कुठेतरी हव्यात. १९८४ साली आयबीएमने पीसी-एटी हा संगणक आणला, तेव्हा या नोंदी घड्याळाच्या चिपमध्येच ठेवल्या. जागा होती अवघी ६४ बाइट. त्यांपैकी १४ बाइट घड्याळासाठी आणि ५० नोंदींसाठी. ही चिप 'सीमॉस' प्रकारची, म्हणजे फारच थोड्या विजेवर चालणारी होती. म्हणून त्या जागेलाच सीमॉस म्हणू लागले.

पण थोडी का होईना, वीज सतत हवीच. ती खंडित झाली की नोंदी पुसल्या जातात आणि घड्याळही थांबते. म्हणून मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल बसवलेला असतो. त्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले दिसेल. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. व्हर्निअर कॅलिपर हाती असेल तर मुलांना मोजून पाहू द्या.

नोंदी बिघडल्या आहेत हे बायॉसला कसे कळते? परीक्षेच्या गुणपत्रकासारखे. आपण विषयवार गुणांखाली बेरीज लिहितो. पुढे एखादा आकडा पुसट झाला, तर बेरीज जुळत नाही. सीमॉसमध्येही ठरावीक नोंदींच्या आकड्यांची बेरीज शेवटी लिहून ठेवलेली असते. हीच 'चेकसम'. संगणक सुरू होताना बायॉस ती पुन्हा करतो. जुळली नाही की तक्रार करतो आणि मूळच्या ठोकळ नोंदी घेऊन पुढे जातो. तारीखही कित्येक वर्षे मागे जाते.

इंटरनेटचा घोटाळा इथेच होता. सुरक्षित संकेतस्थळ आपले ओळखपत्र दाखवते. त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. आमचा संगणक २००२ सालात जगत होता. त्याच्या लेखी त्या ओळखपत्रांची मुदत अजून सुरूच झाली नव्हती!

हा संदेश उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर का दिसू लागतो, हेही आता उलगडेल. १९९५ नंतर रूढ झालेल्या एटीएक्स रचनेत, भिंतीवरचे बटण चालू असेल तर बंद संगणकातील घड्याळालाही वीज मिळत राहते. आपल्या शाळांत ते बटण बंद करतात आणि ते योग्यच आहे. पण मग सगळा भार सेलवर पडतो.

काही जण बायॉसच्या सेटअपमध्ये जाऊन 'चूक आढळली तरी थांबू नको' असे ठरवून टाकतात. गंमत अशी की ही सूचनाही सीमॉसमध्येच लिहिली जाते. सेल संपला असेल, तर ती वीज जाताच पुसली जाते!

उपाय साधा आहे. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा. डबा उघडून त्याच्या धातूच्या भागाला हात लावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युतभार निघून जाईल. खाचेची पट्टी हळूच दाबून सेल काढा आणि मल्टिमीटरने तपासा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो; आमचा २.२ दाखवत होता. नवा सेल अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवा. मग डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून सेटअपमध्ये जा, तारीख-वेळ लावा आणि बदल साठवून बाहेर पडा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. जुना सेल मुलांच्या हाती पडू देऊ नका. गिळला गेल्यास तो अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा करतो. दुसरे, ३८६-४८६ च्या काळातील काही बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन जोडलेली असते. ती गळते आणि तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. अशा बोर्डावर संदेशाकडे केलेले दुर्लक्ष पूर्ण बोर्डाला भोवू शकते.

आमच्या शाळेतील चिठ्ठी आता निघाली आहे. तिच्या जागी एक प्रश्न वर्गापुढे ठेवता येईल : गुणपत्रकातील दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर ती चूक बेरजेवरून पकडता येईल का?